पोटातला सारकॉइड की टीबी? गोळ्या सुरू करायच्या आधी काय काय बघून घ्यायचं

पत्र: डॉक्टरकाकू, मी ऐरोलीला राहतो, वय 24. आई 51 वर्षांची, घरून टिफिन देते. सात-आठ महिने झाले तिच्या पोटात वरच्या बाजूला दुखतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, वजन 62 वरून 53 वर आलंय. शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. वाशीला एन्डोस्कोपी केली, जठराचा खालचा भाग जाड आणि खडबडीत दिसला, बायोप्सीत नॉन-केसिएटिंग ग्रॅन्युलोमॅटस गॅस्ट्रायटिस आलं. पहिले डॉक्टर म्हणतात टीबी धरून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, सुरू करू, दुसरे म्हणतात क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण आणणारा आजार, असेल, ठाण्यातल्या तिसऱ्यांनी एसीई नावाची रक्ताची टेस्ट केली, ती 78 आली, लॅबची मर्यादा 52, तर ते म्हणाले सारकॉइडोसिस आहे, स्टिरॉइड घ्या. छातीचा एक्स-रे नॉर्मल आहे. कोरडा खोकला असतो पण तो ॲलर्जीचा आहे. कॅल्शियम 10.9 आहे, डी व्हिटॅमिन कमी म्हणून दर रविवारी 60 हजारचं सॅशे चालू आहे. आजोबांना पूर्वी टीबी झालेला. आत्या म्हणते ताट-पेला वेगळा ठेवा. आम्ही ऐकायचं कुणाचं?

उत्तर:

अरे बाळा, पहिली गोष्ट म्हणजे तिघांपैकी कुणीच तुम्हाला फसवत नाहीये. एका रिपोर्टवरून तिघांनी तीन आजार सांगितले की घरचे घाबरतात, साहजिक आहे, पण तो रिपोर्टच तसा आहे, त्या एका ओळीतून तिन्ही आजार निघू शकतात. मी स्वतः पॅथॉलॉजिस्ट, नोकरी सगळी मायक्रोस्कोपपाशी गेली, त्यामुळे ती ओळ लिहिणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला माहीत आहे. त्याला ग्रॅन्युलोमा दिसला तो त्याने लिहिला. आजाराचं नाव त्याने लिहिलं नाही कारण तेवढ्यावरून ते लिहिता येत नाही.

ग्रॅन्युलोमा म्हणजे काय तर शरीराला एखादी गोष्ट मारताही येत नाही आणि बाहेर टाकताही येत नाही, मग पेशी तिला घेराव घालून बसतात, तो घेराव. आत टीबीचा जंतू असू शकतो, बुरशी असू शकते, जुन्या ऑपरेशनचा टाक्याचा धागासुद्धा असू शकतो, आणि सारकॉइडमध्ये, म्हणजे सारकॉइडोसिसमध्ये, तर आत नेमकं काय असतं ते अजून कुणालाच सापडलेलं नाही. केसिएशन म्हणजे त्या गाठीच्या मधोमध पेशी मरून झालेला भुसभुशीत भाग. तो टीबीत असतो आणि सारकॉइड-क्रोन्समध्ये नसतो असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो आणि ते बरोबर आहे, पण एन्डोस्कोपीच्या चिमट्यात येणारा तुकडा असतो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, तोही वरवरचा, केसिएशन खालच्या थरात असेल तर तुकड्यात येतच नाही. म्हणून नॉन-केसिएटिंग लिहिलंय म्हणजे टीबी नाहीच असं धरून चालायचं नाही, निदान आपल्याकडे तरी नाही.

आता सारकॉइडचं. हा आजार मुळात छातीचा, 100 पैकी 90 पेक्षा जास्त पेशंटमध्ये फुप्फुसं नाहीतर छातीतल्या लिम्फ नोड्स धरलेल्या असतात. लिव्हरमध्ये त्याच्या गाठी बऱ्याच जणांना असतात पण त्रास बहुतेक होत नाही. आणि अन्ननलिका-जठर-आतडं यात त्रास देणारा सारकॉइड शंभरात एकालाही सापडत नाही, इतका कमी. पण जेव्हा सापडतो तेव्हा सगळ्यात जास्त जठरातच आणि त्यातही बऱ्याचदा खालच्या भागात, जिथे तुझ्या आईला आहे तिथेच, आणि लक्षणंही हीच, वर दुखणं, लवकर पोट भरणं, वजन उतरणं. दुसऱ्या बाजूने बघ, पोटाचा टीबी बहुतेक वेळा लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे बसतो, जठरात क्वचित. म्हणजे तिसऱ्या डॉक्टरांचा अंदाज उगाच हवेतला नाही. फक्त तो सिद्ध करायला त्यांनी जी टेस्ट धरली ती लेचीपेची आहे.

एसीईवर मी कधीच फार भरवसा ठेवला नाही. सारकॉइड असलेल्या कितीतरी लोकांमध्ये ती नॉर्मल येते, आणि सारकॉइड नसताना डायबिटीसमध्ये, थायरॉइड वाढलेल्यांमध्ये, कुष्ठरोगात, कधीकधी टीबीतही वाढलेली येते. तुझ्या आईला शुगर आहेच. शिवाय कुणी बीपीसाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा गोळ्या घेत असेल तर त्याच्यात ती खोटीच कमी दिसते. 78 हा आकडा फाइलमध्ये राहू दे, पण त्याच्या जोरावर स्टिरॉइड सुरू करायचं नाही.

का नाही ते नीट समजून घे, कारण सगळा घोळ इथेच होतो. स्टिरॉइड दिलं तर सारकॉइडही बरा वाटतो, क्रोन्सही बरा वाटतो, आणि टीबी असला तरी सुरुवातीला भूक लागते, ताप उतरतो, माणूस हसायला लागतो आणि आतमध्ये जंतू मोकाट पसरतो. म्हणजे गुण आला यावरून काहीच कळत नाही. त्यात तुझ्या आईची शुगर, ती वाढणार ते वेगळंच. उलट एकेटी आंधळेपणाने सुरू केली आणि आजार टीबी नसला तर सहा महिने लिव्हरवर ताण, इथॅम्ब्युटॉलमुळे डोळ्यांवर लक्ष ठेवायचं, आणि मूळ आजार तसाच पुढे सरकत राहणार. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही एकदम सुरू करणं, मग कशाने गुण आला, कशाने त्रास झाला, कुणालाच सांगता येत नाही. मी हे पेशंटच्या फाइलींमध्ये पाहिलंय, दीड वर्षाने ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, परत माझ्याकडे आलाय आणि तोपर्यंत माणूस अर्धा झालेला.

मग करायचं काय. सगळ्यात आधी ते रविवारचं सॅशे. पुढचं देऊ नकोस आणि आजच डॉक्टरांना फोन करून सांग की कॅल्शियम 10.9 आहे आणि सॅशे चालू आहे, थांबवू ना. सारकॉइडच्या गाठी स्वतःच डी व्हिटॅमिनचं तयार, तिखट रूप बनवतात, त्यामुळे रक्तात साधं डी कमी दिसतं, लोक सॅशे देतात आणि कॅल्शियम आणखी चढतं. असंच होतंय असं मी म्हणत नाहीये, पण कॅल्शियम वाढलं तरी मळमळ, बद्धकोष्ठ, भूक मरणं, खूप तहान हे होतं आणि किडनीलाही त्रास होतो, म्हणजे आईचा थोडा त्रास त्याचाही असू शकतो. कॅल्शियम अल्ब्युमिनसोबत परत करून घ्या, किडनीसाठी क्रिएटिनिन, कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन पीटीएच, डी व्हिटॅमिनची दोन्ही रूपं म्हणजे 25 आणि 1,25, आणि 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियम. टीबीतही क्वचित कॅल्शियम वाढतं, म्हणून हाही एकटा पुरावा नाही, पण खोकला आणि कॅल्शियम एकत्र बघितलं तर माझं मन थोडं सारकॉइडकडे झुकतं.

तो खोकला. ॲलर्जीचा आहे हे कुणी ठरवलं? जठरात सारकॉइडसारखं काही सापडलं की पहिलं छाती बघायची, आणि साध्या एक्स-रेवर थांबायचं नाही, काही सारकॉइड पेशंटचा एक्स-रे अगदी नॉर्मल असतो. छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी स्कॅन, करून घ्या, आणि नोड्स नीट दिसायला कॉन्ट्रास्ट द्यायचं ठरलं तर आई मेटफॉर्मिन घेते हे सीटीवाल्यांना सांग, क्रिएटिनिन आधी झालेलं असू दे. फुप्फुसांच्या मुळाशी दोन्हीकडे सारख्या वाढलेल्या नोड्स दिसल्या तर सारकॉइडचं पारडं जड होतं. नोड्स एकाच बाजूला असतील, मधे सडलेल्या दिसत असतील तर टीबीचं. आणि नोड्स असतील तर ईबसने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून सुईने, त्यातला नमुना घेता येतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत मोठ्या हॉस्पिटलांमध्ये हे आता होतं. सारकॉइड म्हणायला साधारण तीन गोष्टी जुळाव्या लागतात, आजाराचं चित्र त्याच्यासारखं हवं, तुकड्यात न सडलेला ग्रॅन्युलोमा हवा, आणि बाकीची कारणं शोधून बाद केलेली हवीत. दुसऱ्या अवयवातही तेच सापडलं तर पाया पक्का होतो. नुसत्या जठरावरून सारकॉइड म्हणताना मी तरी खूप कचरते.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्लिट लॅम्पने तपासणी करा, डोळा लाल नसला तरी. ईसीजी काढा, कारण सारकॉइड हृदयात शिरला तर ठोके बिघडतात. आणि घरी तू स्वतः एक काम कर, आईच्या अंगावरच्या जुन्या जखमांचे वण, ऑपरेशनचा टाका, हातावर गोंदण असेल तर ते, तिथे हल्ली गाठ आली आहे का, फुगलंय का, लाल झालंय का ते बघ. सारकॉइडला वणांवर आणि गोंदणावर उठायची खोड आहे आणि तिथला तुकडा काढणं पोटापेक्षा कितीतरी सोपं.

आता माझा प्रांत. त्या लॅबमध्ये जा आणि लेखी अर्ज देऊन स्लाइड आणि पॅराफिनचा ब्लॉक माग. तो पेशंटचाच असतो, लॅब देते, थोडे पैसे घेतील, सही घेतील. ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून फिरू नकोस. पोटाच्या बायोप्सी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तो परत वाचून घे आणि विचार, टीबीसाठी झेडएन स्टेन केलाय का, बुरशीचे पीएएस आणि जीएमएस केलेत का, बाहेरची वस्तू आहे का हे पोलराइज्ड लाइटखाली बघितलंय का, जठरात राहणारा एच पायलोरी जंतू आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी कॅन्सर किंवा लिम्फोमाच्या पेशी तर नाहीत ना. हे वाचून घाबरू नकोस, पण जठर जाड होऊन कडक होणं कॅन्सरमध्येही असंच दिसतं आणि कॅन्सरच्या आसपास कधीकधी अगदी सारकॉइडसारखे ग्रॅन्युलोमा बसलेले असतात. 51 वय, नऊ किलो वजन गेलंय, हे न बघता कुणीही पुढे जाऊ नये.

आणि मला वाटतं एन्डोस्कोपी परत करावी लागेल. आईला नको वाटेल, माहीत आहे. पण पहिल्या वेळी सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेले असणार, बहुतेक ठिकाणी तेच होतं. फॉर्मॅलिनमध्ये पडला की जंतू मरतो, मग कल्चर होऊच शकत नाही. ब्लॉकवर टीबीचा पीसीआर करतात पण त्याचा भरवसा कमी. म्हणून परत करताना आधीच बोलून ठेव की काही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये आणि काही वेगळ्या निर्जंतुक बाटलीत साध्या नॉर्मल सलाइनमध्ये हवेत, त्यांचं सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट, आणि टीबी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, करायचंय, आणि ते त्याच दिवशी लॅबला पोचायला हवेत. सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं तर टीबी धरायला हरकत नाही. निगेटिव्ह आलं तर मात्र टीबी नाही असं होत नाही, पोटाच्या तुकड्यात जंतू इतके कमी असतात की निसटतात. कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. भिंत जाड आहे तर खोल तुकडे हवेत, एन्डोसोनोग्राफी, म्हणजे दुर्बिणीतून आतून सोनोग्राफी, लागेल का तेही विचार. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल चालू असेल तर एच पायलोरीची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, साधारण दोन आठवडे आधी बंद करायची असते, पण डॉक्टरांना विचारून.

त्याच भूल-गुंगीत कोलोनोस्कोपीही करून घेता आली तर फार बरं, शेवटच्या लहान आतड्यापर्यंत. दुखणं वर असलं तरी क्रोन्स खरा ओळखायचा तर खाली बघावं लागतं. उभे व्रण, मधे मधे चांगलं आतडं, गुदद्वाराजवळ फिस्टुला असं असलं तर क्रोन्स. आडवे व्रण, आतड्याच्या जोडावरचा व्हॉल्व्ह उघडा पडलेला, सीटीत सडलेल्या नोड्स असं असलं तर टीबी. आईला तोंडात फोड येतात का, पूर्वी कधी भगंदर झालं होतं का हे लाजून सांगितलं नसेल, तू नाहीतर मावशी कुणीतरी विचारा.

मॅन्टूबद्दल, म्हणजे हातावर सुई टोचून करतात त्या टीबीच्या टेस्टबद्दल, तू काही लिहिलं नाहीस. सारकॉइडमध्ये ती बहुतेक निगेटिव्ह असते, चांगली मोठी पॉझिटिव्ह आली तर सारकॉइडवरचा संशय कमी होतो. पण आपल्याकडे लाखो निरोगी लोकांची पॉझिटिव्ह येते आणि घरात आजोबांना टीबी होता, त्यामुळे ती आणि रक्ताची इग्रा टेस्ट दोन्ही फक्त एवढंच सांगतात की जंतूशी कधीतरी गाठ पडली. पेट-सीटीचंही तेच, आजार कुठे कुठे चालू आहे आणि तुकडा कुठून घ्यावा ते कळतं, पण चमकलं म्हणजे टीबी की सारकॉइड ते कळत नाही. महाग आहे, पहिल्यांदा तिथे धावू नका.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही तर? होतं तसं. मग आपल्याकडे बरेच अनुभवी डॉक्टर एकेटीची ट्रायल देतात आणि आतड्याच्या बाबतीत ती मान्य पद्धत आहे, पण ट्रायल म्हणजे तारीख ठरवून. सुरू करताना लिव्हर आणि डोळे तपासून, आणि साधारण दोन महिन्यांनी परत दुर्बीण टाकून बघायचं की आतली सूज, व्रण खरंच भरतायत का. आईला बरं वाटतंय एवढं पुरत नाही. काहीच फरक नसेल तर निदान बदलायचं, नऊ महिने, वर्ष असं ओढत न्यायचं नाही. तुझ्या आईच्या बाबतीत मी छाती आणि दुसरी बायोप्सी होईपर्यंत ट्रायलसुद्धा नको म्हणेन. तिला ताप नाही, रक्तस्राव नाही असं तुझ्या पत्रावरून दिसतंय, दोन-तीन आठवडे नीट तपासण्यांत गेले तर बिघडत नाही. सारकॉइडच निघाला तर इलाज आहे, बहुतेक प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने सुरुवात करून हळूहळू कमी करतात, लागलं तर मेथोट्रेक्सेट, आणि त्याआधी शुगरवाल्या डॉक्टरांना सोबत घ्यायचं.

पैशाचं आणि जायचं कुठे. तीन ठिकाणी तीन फाइली आहेत तोवर हा गुंता सुटणार नाही. एका गॅस्ट्रोच्या डॉक्टरकडे सगळं द्या, ज्यांच्या इमारतीत छातीचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजी दोन्ही आहे, नेरुळ-बेलापूरला आहेत, ठाण्यात आहेत. खर्च झेपत नसेल तर परळच्या केईएममध्ये गॅस्ट्रोचा विभाग जुना आणि अनुभवी आहे, ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून स्लो लोकलने परळ, ओपीडीला सकाळी लवकर जा आणि ब्लॉक, स्लाइड, सीटीची सीडी सगळं घेऊन जा, नुसते व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो नको. सीबीनॅट सरकारी टीबी केंद्रात फुकट होते, महापालिकेच्या हॉस्पिटलात चौकशी कर. टीबीच निघाला तर औषधंही फुकट आणि निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिना 1000 रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर 2024 पासून, आधी 500 होते.

आत्याला माझं नाव घेऊन सांग. पोटाचा टीबी ताटातून, पेल्यातून, एकत्र जेवल्याने पसरत नाही. टीबी पसरतो तो फुप्फुसाचा, खोकल्यातून हवेत. सारकॉइड तर संसर्गजन्यच नाही, क्रोन्सही नाही. खोकला आहे म्हणून एचआरसीटीचा रिपोर्ट येईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, बेडका पडत असेल तर तो तपासायला द्या, खोकताना तोंडावर पदर धरायला सांग, एवढं पुरे. जी बाई इतकी वर्षं दुसऱ्यांचे डबे भरतेय, तिचं स्वतःचं ताट तिच्याच घरात वेगळं करायचं, हे मला वाचूनही सहन झालं नाही. करू नका.

तिला एका वेळी पोटभर खायचा आग्रह करू नका, दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, मऊ भात-वरण, मुगाची पेज, अंडं खात असेल तर अंडं. कॅल्शियमच्या गोळ्या, ताकदीची टॉनिकं सध्या बंद. पाणी भरपूर. शौच काळी डांबरासारखी झाली, रक्ताची उलटी झाली, पाणीसुद्धा टिकेना, चक्कर येऊन पडली, डोळा एकदम लाल होऊन दुखायला लागला किंवा बडबडायला-गुंगायला लागली तर ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत न्या, आणि तिथे पहिल्या वाक्यात सांगा की कॅल्शियम वाढलेलं आहे आणि निदान अजून पक्कं नाही, म्हणजे घाईत कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याआधी विचार करेल.